मुनवी : एका काल्पनिक पात्राची जन्मकथा

‘फँटसी’ हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? दगडी किल्ला, आग ओकणारा ड्रॅगन, टोकदार कानांचे एल्फ, लांब दाढीचा जादूगार. बरोबर ना? हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये दहा जणांना विचारलं तर नऊ जण हेच सांगतील. दहावा मात्र ‘मेसच्या वरणातली डाळ’ असं म्हणेल, कारण तीही काल्पनिकच असते!

पण गंमत बघा, यातली एकही गोष्ट आपण कधी पाहिलेली नाही. मग स्वतःचं पात्र काढायला बसलो की आपण पाहिलेल्या गेमची आणि पिक्चरची कॉपी करतो. या लेखात मी कॉम्प्युटरवर स्वतःचं, कुणाचंही उचललेलं नसलेलं फँटसी पात्र कसं तयार करायचं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगणार आहे. उदाहरणासाठी मी काढलेलंच एक पात्र घेते. तिचं नाव मुनवी. ती अर्धापूरला केळीच्या बागेत राहते आणि वाऱ्याशी भांडते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे लिहिताना मध्ये मध्ये इंग्रजी शब्द येतील, सांभाळून घ्या. केळीच्या भागांची मराठी नावं मात्र अस्सल आहेत. ती मला आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, बागेत उभं करून शिकवली.

आधी नियम, मग चित्र

बहुतेक जण सुरुवात कुठून करतात? डोळ्यांपासून. एक डोळा मस्त जमतो, दुसरा तसा जमत नाही आणि कागद चुरगळून कोपऱ्यात जातो. खरं तर पेन्सिल हातात घेण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं लिहून काढायची असतात. हे पात्र कोण आहे? त्याला काय हवं आहे? आणि त्याला काय जमत नाही? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ज्याला सगळंच जमतं त्याच्या गोष्टीत पुढे काय होणार हे आपल्याला आधीच कळतं.

आपल्या मातीतलं एक चांगलं उदाहरण म्हणजे राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटातला हस्तर. हस्तरला सोनं मिळालं, पण अन्न मिळालं नाही. एवढा एकच नियम! पण त्यातून पुढचं सगळं आपोआप येतं. तो कायमचा भुकेला आहे, म्हणून त्याला पिठाच्या बाहुलीने गुंतवता येतं. सोनं त्याच्याजवळच आहे, म्हणून मोहरा त्याच्या लंगोटात आहेत. बघणाऱ्याला भीती वाटते ती त्या भुकेची, नुसत्या दातांची आणि लाल रंगाची नाही.

आता मुनवीचा नियम कसा सापडला ते सांगते. त्यासाठी आधी केळ समजून घ्यावी लागेल.

केळीचं ‘झाड’ नसतंच!

नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याला लागलं की अर्धापूरच्या आसपास दोन्ही बाजूंना केळीच केळी दिसतात. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाच्या कालव्याचं पाणी या भागाला मिळालं आणि केळीचं पीक इथे रुजलं. ‘अर्धापुरी’ नावाचा केळीचा एक वाणसुद्धा आहे. आपण ज्याला केळीचं झाड म्हणतो ते शास्त्राच्या भाषेत झाड नाही. ते जे जाड खोड दिसतं ना, ते म्हणजे पानांचे देठ एकावर एक घट्ट गुंडाळलेले असतात. त्यात लाकूड नसतंच. खरं खोड म्हणजे कंद, तो जमिनीखाली असतो.

एका खोडाला आयुष्यात एकदाच घड येतो. आधी केळफूल बाहेर पडतं, त्याला ‘बाग निसवली’ असं म्हणतात. मग फण्या भरतात, घड कापला जातो आणि त्या खोडाचं काम संपतं. पण तोपर्यंत बाजूला त्याच कंदातून छोटी रोपं फुटलेली असतात. त्यांना मुनवे म्हणतात. त्यातला एक जोमदार मुनवा ठेवला की पुढचं पीक, म्हणजे खोडवा, त्याच्यावर येतं. आई जाते, पण मुळं तीच राहतात.

आता पान बघा. मधल्या जाड शिरेपासून कडेपर्यंत बारीक शिरा एकमेकींना समांतर जातात. जोराचा वारा आला की पान बरोबर या शिरांच्या रेषेत फाटतं. आपल्याला वाटतं, नुकसान झालं. पण फाटलेल्या पट्ट्यांमधून वारा निघून जातो आणि खोडावरचा भार कमी होतो. सिव्हिलच्या मित्रांना विंड लोड म्हणजे काय हे मी सांगायला नको. तरीसुद्धा भरलेला घड लटकत असला की वजन एका बाजूला जातं, मुळं फार खोल नसतात, आणि मोठ्या वादळात बाग आडवी होते. म्हणून घडाला बांबूचा टेकू देतात. साधारण वर्षभर सांभाळलेलं पीक अर्ध्या तासात जमिनीवर येतं, आणि ते नेमकं तेव्हा येतं जेव्हा ते विकायच्या अगदी जवळ असतं.

यातून मुनवीचा नियम तयार झाला. मुनवीच्या अंगावर केळीच्या एका मोठ्या पानाची खोळ आहे. ती वारा अंगावर घेऊन अडवू शकते. पण प्रत्येक वादळात तिच्या पानाला एक चीर पडते आणि ती चीर कधीच भरून येत नाही. पानाच्या सगळ्या पट्ट्या झाल्या की तिचं काम संपलं, मग कंदातून पुढची मुनवी उगवते. म्हणजे तिच्याकडे चिरा मोजक्याच आहेत. कुठली बाग वाचवायची आणि कुठली सोडायची हे तिला प्रत्येक वेळी ठरवावं लागतं. ज्याची बाग सुटली तो शेतकरी तिला काय म्हणेल? मला वाटतं, गोष्ट तिथेच आहे.

हे मी आबांना सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “वाऱ्याचं ठीक हाय पोरी. पण गारपिटीला काय करती गं तुझी मुनवी?” २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली होती, ती त्यांच्या डोक्यात होती. मी म्हटलं, “काहीच नाही करत, आबा. गारांपुढे तिचं चालत नाही.” ते म्हणाले, “मग खरी हाय.” असं सर्टिफिकेट मला आजपर्यंत कुठल्याही व्हायवात मिळालेलं नाही!

केशवराजाकडून शिकण्यासारखं

नियम ठरला की पात्राच्या खुणा ठरवायच्या. खूण म्हणजे अशी वस्तू किंवा आकार, जो बघितल्याबरोबर पात्र ओळखू यावं. याचं शिक्षण घ्यायला आपल्याला परदेशी पुस्तक लागत नाही. अर्धापूरच्या केशवराजाच्या देवळात जायचं.

केशव हे विष्णूचं एक रूप. विष्णूला चार हात आणि चार हातांत चार वस्तू : पद्म, शंख, चक्र आणि गदा. आता आपलं पर्म्युटेशन आठवा. चार वस्तू चार हातांत किती प्रकारे देता येतील? ४ × ३ × २ × १ = २४. आणि संध्येत विष्णूची नावं किती? केशव, नारायण, माधव, गोविंद अशी २४! मूर्तिशास्त्रात वस्तूंच्या क्रमावरून रूप ओळखतात. खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करून वर जायचं, मग वरच्या डाव्या हातावरून खाली यायचं. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर तो केशव. पहिली अक्षरं घेतली की ‘पशंचग’ असा कोड तयार होतो. मूर्तिशास्त्राचे अभ्यासक डॉ. गो. बं. देगलूरकर यांनी ‘विष्णुमूर्ते नमस्तुभ्यम्’ या पुस्तकात विष्णूच्या मूर्तींबद्दल सविस्तर लिहिलं आहे, आवड असणाऱ्यांनी जरूर वाचावं.

यातून शिकायचं काय? चेहरा तोच, उंची तीच, पण वस्तूची जागा बदलली तर नाव बदललं. म्हणून पात्राची प्रत्येक खूण कुठल्या बाजूला आहे हे एकदाच पक्कं ठरवायचं. मुनवीच्या खुणा मी अशा ठरवल्या : डाव्या हातात बांबूचा टेकू, वरच्या टोकाला दुबेळकं. उजव्या खांद्यावरून पानाची खोळ. डोक्यावर केळफुलाच्या पाकळ्यांचं शिरस्त्राण, ज्यातली एकच पाकळी वर उचललेली. बोटांवर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग. केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जात नाही, हे बागेत काम करणारा प्रत्येक माणूस सांगेल. मुकुट नाही, तलवार नाही, दागिने नाहीत.

सावलीची परीक्षा

आता पहिल्यांदा पेन्सिल! पण अजून कॉम्प्युटर बंदच ठेवा. एका पानावर आगपेटीएवढे पंधरा-वीस छोटे चौकोन आखा आणि प्रत्येकात पात्राची नुसती काळी आकृती काढा. नाक-डोळे काहीच नाही, नुसती सावली. यालाच थंबनेल म्हणतात. मग रूममेटला विचारा, “हे काय आहे?” तो म्हणाला “छत्री” किंवा “वटवाघूळ” तर पुढचा चौकोन. मुनवीच्या बाबतीत वरून दुबेळकं असलेला बांबू, एका बाजूला झुकलेलं फाटकं पान आणि डोक्यावरची उचललेली पाकळी या तीन गोष्टी सावलीतही वेगळ्या दिसल्या पाहिजेत. सावलीत पात्र ओळखू आलं नाही तर नंतर कितीही भारी शेडिंग केलं तरी ते गर्दीत हरवतं.

याच टप्प्यावर प्रमाण ठरवायचं. चित्रकलेच्या पुस्तकांत मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी धरतात, हिरो असेल तर आठ. आपल्या शिल्पकारांचं माप होतं ताल. एक ताल म्हणजे चेहऱ्याची लांबी, त्याचे १२ अंगुळ. नवताल मूर्ती म्हणजे ९ × १२ = १०८ अंगुळांची. हे माप एकदा ठरलं की मूर्ती हातभर असो की ताडभर, प्रमाण तेच राहतं.

खोटं वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यात कंधारला जा. तिथे राष्ट्रकूट काळातल्या क्षेत्रपालाच्या एका अवाढव्य मूर्तीचे अवशेष आहेत. मूर्ती अखंड उरलेली नाही, पण तुकडे बघूनही छाती दडपते. माणसाच्या पावलाची लांबी उंचीच्या साधारण १५ टक्के असते. म्हणजे पावलाची लांबी मोजून तिला साडेसहाने गुणलं की उंचीचा ढोबळ अंदाज येतो. एका अवयवावरून सगळा देह उभा करता येतो, ही प्रमाणाची ताकद. मुनवी वयाने लहान आहे म्हणून मी तिला सहा डोक्यांची केली. डोकं जरा मोठं वाटतं, त्यामुळे ती पोरसवदा दिसते आणि तिच्यापुढे वादळ आणखी मोठं दिसतं.

हत्यारं : पेन, टॅब्लेट आणि सॉफ्टवेअर

आता कॉम्प्युटर चालू करा. कॉम्प्युटरवर पेनने रेघ ओढण्याची कल्पना जुनी आहे. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीमध्ये ‘स्केचपॅड’ हा प्रोग्रॅम केला, त्यात ते लाइट पेनने थेट स्क्रीनवर रेघा काढत. आज आपल्याला ग्राफिक टॅब्लेट मिळतो. माऊसने चित्र काढता येतं, पण माऊसला दाब कळत नाही. दाब कळला नाही तर रेघ जाड-बारीक होत नाही आणि चित्र तारेचं वाटतं.

टॅब्लेटच्या पेनात अनेकदा बॅटरी नसते, मग ते चालतं कसं? इलेक्ट्रिकलवाल्यांनी इथे कान द्यावा. टॅब्लेटच्या पृष्ठभागाखाली तारांच्या वेटोळ्यांची जाळी असते. ती बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. पेनात एक कॉइल आणि एक कपॅसिटर असतो, म्हणजे आपलं एलसी सर्किट. ते त्या क्षेत्रातून ऊर्जा घेतं, रेझोनेट होतं आणि उलट सिग्नल पाठवतं. कुठल्या वेटोळ्यात सिग्नल जास्त आला यावरून पेनाची जागा कळते. टोकावर दाब दिला की सर्किटची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी थोडीशी सरकते आणि त्यावरून दाब मोजला जातो. खोक्यावर ‘८१९२ प्रेशर लेव्हल’ असं लिहिलेलं असतं, ते म्हणजे २ चा १३ वा घात. सुरुवातीला २०४८ वाला टॅब्लेटसुद्धा भरपूर झाला, हाताला त्यातला फरक फारसा कळत नाही.

सॉफ्टवेअरसाठी पैसे घालायची गरज नाही. क्रिटा फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि चित्र काढण्यासाठीच बनवलेलं आहे. गिंपसुद्धा फुकट आहे, पण ते मुळात फोटोंवर काम करण्यासाठी जास्त सोयीचं. लॅपटॉप नसेल तर मोबाईलवर आयबिसपेंट आहे. बोटाने काढावं लागेल, पण लेअर वगैरे सगळं मिळतं.

फाईल उघडताना साईज नीट ठरवा. मॅगझिनमध्ये ए-४ पानावर चित्र छापायचं तर इंचाला ३०० ठिपके हवेत. ए-४ म्हणजे ८.२७ × ११.६९ इंच, म्हणून फाईल २४८० × ३५०८ पिक्सेलची. गुणाकार केला तर सुमारे ८७ लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे ४ बाईट. म्हणजे पूर्ण भरलेला एक लेअर सुमारे ३५ एमबी! असे २० लेअर झाले की ७०० एमबी रॅम गेली. आणि कुणी उत्साहाने ६०० ठिपके केले तर हे सगळं चौपट. मग लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडायला लागतो आणि शेजारच्या रूममधून शिव्या येतात.

रेघ : सिग्नल्सचा पेपर इथे उपयोगी पडतो

थंबनेलचा फोटो काढून क्रिटात आणा, त्याची पारदर्शकता वाढवून फिका करा आणि वरच्या नवीन लेअरवर स्वच्छ रेघ काढा. हात थरथरतो ना? सगळ्यांचाच थरथरतो. त्यासाठी स्टॅबिलायझर असतो. तो पेनाच्या शेवटच्या काही बिंदूंची सरासरी घेत रेघ ओढतो. म्हणजे हा आपला मूव्हिंग अॅव्हरेज, एक लो-पास फिल्टर! थरथर म्हणजे हाय फ्रिक्वेन्सी, ती गाळली जाते. पण फिल्टर म्हटला की डिले आलाच. स्टॅबिलायझर फार वाढवला तर रेघ पेनाच्या मागे लोंबकळत येते आणि तीक्ष्ण कोपरे गोल होतात. मुनवीच्या पानाच्या चिरा तीक्ष्णच हव्यात, म्हणून तिथे तो मी बंद ठेवला. बांबूच्या लांब रेघेला मात्र पूर्ण वाढवला.

रेघेत एक गोष्ट विसरू नका. चिरा कुठेही मारायच्या नाहीत. पान जिथे खरं फाटतं, म्हणजे बारीक शिरांच्या रेषेत, तिथेच चीर. हे बघणाऱ्याला शब्दांत सांगता येणार नाही, पण ज्याच्या घरी केळी आहे त्याच्या डोळ्याला लगेच कळतं.

आणखी एक युक्ती. चित्र अधूनमधून आरशासारखं आडवं फिरवून बघायचं. आपल्या डोळ्याला सवय झालेल्या चुका एकदम दिसतात, एक खांदा वर, एक डोळा मोठा वगैरे. पण नंतर परत सरळ करा! नाहीतर बांबू उजव्या हातात जाईल. केशवराजाची मूर्ती आरशात बघितली तर ‘पशंचग’चं ‘गचशंप’ होतं, म्हणजे तो केशव राहत नाही. आपल्या पात्राचंही तसंच आहे.

रंग आणि उजेड

रेघेच्या खालच्या लेअरवर आधी सपाट रंग भरायचे. बादलीचं टूल एका पिक्सेलपासून सुरू करतं आणि त्याच रंगाचे शेजारी शोधत पसरत जातं. डेटा स्ट्रक्चर्समध्ये शिकलेला फ्लड फिल तो हाच. रेघेत एका पिक्सेलची फट राहिली तरी रंग बाहेर सांडतो. म्हणून रेघा बंद करा, आणि रंग रेघेच्या खाली एक-दोन पिक्सेल घुसेल असं सेटिंग ठेवा, म्हणजे कडेला पांढरी किनार दिसणार नाही. त्वचा, पान, बांबू, केळफूल यांचे लेअर वेगवेगळे ठेवा.

आता एक हिशेब बघा, कारण आपल्या मॅगझिनची आतली पानं कृष्णधवल असतात. रंगीत चित्र काळंपांढरं करताना डोळ्याला हिरवा जास्त उजळ वाटतो, निळा कमी, हे धरून एक सूत्र वापरतात : ०.२९९ × लाल + ०.५८७ × हिरवा + ०.११४ × निळा. पानासाठी मी घेतलेला हिरवा होता (६०, १३०, ५०). त्याचं उत्तर येतं सुमारे १००. केळफुलासाठी गुलाबीसर लाल (२००, ५०, ९०) घेऊन बघितला, त्याचं उत्तरही सुमारे ९९! म्हणजे स्क्रीनवर लाल-हिरवा झकास उठून दिसतो, पण छापल्यावर शिरस्त्राण आणि पान एकच राखाडी गोळा. लाल-हिरवा फरक ज्यांना नीट दिसत नाही, त्यांनाही अशा जोडीत अडचण येते. म्हणून केळफूल गडद केलं, (११०, २०, ५०), उत्तर सुमारे ५०. खरं केळफूलही गडद तांबडं-जांभळंच असतं. आधीच बागेत जाऊन नीट बघितलं तर सूत्र मांडायचीही गरज नाही.

मग सावल्या. इथे लेअरचा ‘मल्टिप्लाय’ मोड कामाला येतो. नाव जसं, काम तसं : (वरचा रंग × खालचा रंग) ÷ २५५. खालचा २०० आणि सावलीचा १२८ असेल तर उत्तर सुमारे १००. उत्तर कधीच मूळ रंगापेक्षा उजळ येत नाही, म्हणून सावलीला हा मोड बरोबर बसतो. आणि साधा लेअर अर्धपारदर्शक असेल तर? वरच्याचा जेवढा टक्का, तेवढा वरचा, उरलेला खालचा. वरचा २००, खालचा ८० आणि पारदर्शकतेचा आकडा ०.२५ असेल तर ५० + ६० = ११०. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये हे गणित नीट मांडलं आणि आजची बहुतेक चित्रांची सॉफ्टवेअर त्याच्यावर उभी आहेत.

सावलीचा रंग काळा घेऊ नका. उघड्यावर सावलीत आकाशाचा निळसर उजेड असतोच. आणि केळीच्या पानाची तर गंमतच वेगळी. पान पातळ असतं, मागून ऊन आलं की ते पिवळसर हिरवं पेटल्यासारखं दिसतं. म्हणून मी ऊन मुनवीच्या मागून ठेवलं. खोळ मागून उजळली, चिरांमधून उन्हाच्या पट्ट्या जमिनीवर पडल्या, आणि किती चिरा झाल्या हे त्या पट्ट्या मोजून कळतं. सात आहेत. पुढच्या चित्रात आठ असतील.

सेव्ह करा, छापा, सांभाळा

मूळ लेअरवाली फाईल कायम जपून ठेवा, आणि दोन ठिकाणी ठेवा. हॉस्टेलच्या लाईटवर विश्वास ठेवू नका, दर दहा मिनिटांनी सेव्ह! कुणाला पाठवायचं तर पीएनजी करा, त्यात काही गळत नाही. जेपेगमध्ये फाईल लहान होते, पण प्रत्येक वेळी परत सेव्ह केलं की रेघांच्या कडेला मळ साचत जातो. रंगीत छपाईला देणार असाल तर लक्षात ठेवा, स्क्रीन उजेड मिसळते आणि छापखाना शाई मिसळतो. स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी शाईत तसा येतच नाही, मळकट होतो. त्यामुळे आधी एक नमुना प्रिंट काढून बघा.

शेवटी कॅरेक्टर शीट तयार करा : समोरून, बाजूने, मागून, आणि दोन-तीन चेहऱ्याचे भाव. बाजूला रंगांचे चौकोन आणि खुणांची यादी. उद्या दुसऱ्या कुणाला मुनवी काढायची असेल तर हे एक पान पुरेसं व्हायला हवं. ही कामाची जुनी पद्धत आहे. नागराजचंच बघा, तो १९८६ मध्ये आला आणि प्रताप मुळीकांसारख्या आपल्या मराठी चित्रकाराने त्याची कितीतरी पुस्तकं काढली, पुढे इतरांनीही काढली. पण हिरवं, खवल्यांचं अंग बघितलं की आपण लगेच म्हणतो, नागराज!

हक्काचंही थोडं सांगते. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढलं त्या क्षणापासून त्याचा हक्क काढणाऱ्याचा असतो, रजिस्ट्रेशनची सक्ती नाही. हा हक्क हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. मात्र नुसत्या कल्पनेवर हक्क मिळत नाही, ती काढावी किंवा लिहावी लागते. तेव्हा ‘माझ्या डोक्यात एक भारी कॅरेक्टर आहे’ असं म्हणत फिरणाऱ्यांनी कृपया कागद घ्यावा.

“पण एआय दहा सेकंदांत देतं ना!”

हा प्रश्न येणारच. २०२२ मध्ये मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन आले तेव्हापासून वाक्य टाइप केलं की चित्र मिळतं. मी त्याला नावं ठेवत नाही, आपण इंजिनियर आहोत, यंत्राला घाबरून कसं चालेल? पण एक विचार करा. ती मॉडेल्स आधी काढलेल्या अगणित चित्रांवरून शिकलेली असतात. ज्या गोष्टींची चित्रं जगात भरपूर आहेत, त्या त्यांना सहज येतात. ड्रॅगन भरपूर आहेत. चिकाने डागाळलेली बोटं आणि घडाला दिलेला बांबू किती असतील? आणि वादळात कुठली बाग सोडायची हे मुनवीला कसं ठरवावं लागतं, हा प्रश्न कुणीतरी आधी विचारावा लागतो. तो प्रश्न ज्याच्या घरची बाग आडवी झालेली आहे, त्यालाच आधी सुचतो.

आपल्या हॉस्टेलमध्ये अशी माणसं भरपूर आहेत. कुणाच्या घरी हळद आहे, कुणाच्या घरी ऊस, कुणाचे वडील एसटीत आहेत, कुणाची आई शिवणकाम करते. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशींना पहाटे चार वाजता उठून काय काय दिसतं, हे आपण कधी विचारलंय का? प्रत्येकाला एखादी गोष्ट अशी माहीत असते की ती कशी वाढते, कशी मोडते आणि मोडल्यावर कुणाचं काय जातं. तिथून पात्र सुरू करा. ब्रश, लेअर आणि मल्टिप्लाय दोन महिन्यांत शिकता येतात.

मला मुनवीला साधारण तेरा संध्याकाळी लागल्या, त्यातल्या सहा नुसत्या विचार करण्यात आणि थंबनेलमध्ये गेल्या. तुम्हाला कमी-जास्त लागतील. सबमिशन संपलं की क्रिटा टाकून घ्या, टॅब्लेट कुणाकडे आहे ते शोधा (एक माझ्याकडे आहे, मागितला तर देईन, पण पेनाचं टोक चावायचं नाही!), आणि पहिले पंधरा चौकोन आखा. पुढच्या वर्षीच्या अंकात या पानांवर तुमच्या बागेतलं, गल्लीतलं, गावातलं एखादं पात्र बघायला मला मनापासून आवडेल.